समोरचा काठ किती लांब?

तळ्याकाठच्या बागेतल्या पायवाटांवर लिहा, असं गेल्या वेळी सुचवलं होतं, तर पत्रांचा ढीग आला. त्यातली काही थोडी छाटून देते आहे. नव्या वाचकांना माझी ओळख म्हणून एवढंच सांगते, की ३३ वर्षं मी नकाशे काढले आणि निवृत्तीनंतरची ११ वर्षं एकाच तळ्याभोवती फिरते आहे. नकाशावर तळं म्हणजे निळ्या रंगाचा एक ठिपका. तो भरायला मला कधी पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला नाही.

ताई, आम्ही दुपारी चार वाजता तळ्याच्या फेरीला निघालो. बरोबर ६ आणि ९ वर्षांच्या मुली होत्या. फलकावर फेरी ७ किलोमीटर लिहिली होती. निम्म्यावर आलो तेव्हा धाकटी कुरकुरायला लागली, पण समोरच्या काठावर आमची गाडी स्पष्ट दिसत होती. इतकं जवळ आलोय तर मागे कशाला फिरायचं, म्हणून पुढेच गेलो. पोचलो तेव्हा मिट्ट काळोख होता. शेवटचा तासभर धाकटी माझ्या खांद्यावर. आमचं नेमकं काय चुकलं?
– दोन मुलींचा बाबा

तुम्हाला गाडी दिसली, तिथेच चुकलं.

पाण्यावर मध्ये झाड नाही, भिंत नाही, माणूस नाही. अंतराचा अंदाज बांधायला डोळ्याला अधलीमधली काही खूण लागते, ती तिथे मिळत नाही. म्हणून समोरचा काठ आहे त्याहून जवळ वाटतो. शिवाय गाडी दिसते ती सरळ रेषेत आणि तुम्ही चालणार काठाने. तळं अगदी ताटासारखं गोल धरलं आणि समोरचा काठ २ किलोमीटरवर असला, तरी काठाने ३ किलोमीटरच्या वर चालावं लागतं. आणि कुठलं तळं गोल असतं? जिथे जिथे ओढा येऊन मिळतो तिथे पाण्याची जीभ आत शिरलेली असते. वाट त्या जिभेच्या एका कडेने आत जाते, टोकाला वळते आणि दुसऱ्या कडेने बाहेर येते. वीस मिनिटं चालल्यावर मघाचंच झाड शंभर पावलांवर, पाण्यापलीकडे उभं दिसतं.

आमच्या कचेरीत काठाची लांबी मोजायला दोरा वापरायचो. नकाशावर दोरा काठाबरहुकूम लावायचा आणि मग सरळ करून पट्टीवर धरायचा. १:२५,००० च्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. गंमत अशी, की नकाशा जितका बारकाईचा घ्याल तितका तोच काठ लांब भरतो, कारण नवी नवी वळणं दिसायला लागतात. बेनुआ मांडेलब्रोट या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच मुद्दा मांडला होता. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याआधीच देशादेशांच्या सीमा मोजताना तो हेरला होता. तुमच्या धाकटीला तो पायांनी कळला.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला, तो आजही चालतो. तासाला साधारण ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण हा धडधाकट मोठ्या माणसाचा हिशेब झाला. सहा वर्षांचं मूल प्रत्येक गोगलगायीपाशी थांबतं, आणि ते थांबणं म्हणजेच त्याची सहल असते. अशा मुलाबरोबर मी तासाला २ किलोमीटर धरते. म्हणजे तुमचे ७ किलोमीटर साडेतीन तासांचे झाले. चारला निघून साडेसात. दिवसभरात त्यासाठी जागा होती, पण ती सकाळी.

आणखी एक गोष्ट फेरीच्याच वाटेला लागू आहे. गेलो त्याच वाटेने परत यायचं असतं, तेव्हा माणूस मनातल्या मनात हिशेब ठेवतो, की जेवढं चाललो तेवढं परत चालायचंय. फेरीत असा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण प्रत्येक पाऊल घराकडेच पडतंय असं वाटतं. म्हणून निघतानाच परतीची वेळ ठरवा. जागा ठरवू नका, वेळ ठरवा. उजेडाचे तीन तास हातात असतील तर सव्वा तासाने घड्याळ बघायचं. तोवर निम्मी वाट मागे पडली नसेल तर वळायचं, गाडी समोर दिसत असली तरी.

घड्याळ नसेल तर हात आहेच. हात पूर्ण ताणून पंजा आडवा धरा, सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजा. एक बोट म्हणजे ढोबळमानाने पंधरा मिनिटं. टेकडी असेल तर सूर्य आधीच तिच्याआड जातो, हे लक्षात ठेवा. सूर्य बुडाल्यावरचा वाट दिसण्याइतका उजेड विषुववृत्ताजवळ वीस-पंचवीस मिनिटांत सरतो. तिथून जितकं लांब जाल तितका तो जास्त टिकतो, पण दाट झाडीत कुठेच फार टिकत नाही.

हे सगळं मी शहाणपणाने सांगते आहे असं वाटत असेल तर ऐका. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी पाऊण फेरी मारून ओढ्यापाशी आले, तर लाकडी साकव वाहून गेलेला. सुरुवातीच्या फलकावर एक अक्षर नव्हतं. ओढा जेमतेम दहा पावलं रुंद, पलीकडे बागेचं दार दिसत होतं. पाण्यात काठी घातली तर ती कमरेपर्यंत गेली आणि ओढ्याने ती हातातून ओढून घेतली. आले तशी सगळी वाट परत चालले, मोबाइलच्या उजेडात. त्या दिवसापासून खिशात लहान विजेरी असते आणि निघण्याआधी समोरून येणाऱ्या कुणालाही एकच प्रश्न विचारते, ‘पुढे वाट चालू आहे ना?’

बागेत भाड्याने कयाक मिळते. आम्ही दोघी मैत्रिणी गेलो. पाणी आरशासारखं होतं, दहा मिनिटांत मध्यापर्यंत पोचलो. परत येताना मात्र वल्हवून वल्हवून हात मोडले, तरी काठ तिथल्या तिथे! आमची ताकद कमी पडली की तंत्र?
– कॉलेजच्या दोघी

दोन्ही नाही, वारा. तुम्ही निघालात त्या काठावर वारा तुमच्या पाठीमागून येत होता आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. काठावरची झाडं तो अडवतात. लाट उठायलाही वाऱ्याला मोकळं पाणी लागतं, जितकं लांबवर मोकळं पाणी तितकी मोठी लाट. म्हणून वारा जिथून येतो त्या काठाला पाणी गुळगुळीत आणि जिथे जाऊन आदळतो त्या काठाला खळबळ. तुम्ही गुळगुळीत पाणी बघून निघालात आणि दहा मिनिटांत पोचलात ते निम्मं वाऱ्याच्या जोरावर.

पुढच्या वेळी झाडांचे शेंडे बघा, काठावरची पानं नकोत. आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा. दमलात की वळा, वारा तुम्हाला घरी आणून सोडेल. शक्यतो सकाळीच जा. उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि पाण्यावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावते. मोठ्या तळ्यावर दुपारचा वारा बऱ्याचदा असाच सुटतो. हवा भरून फुगवायची नाव असेल तर जास्तच सांभाळा. ती पाण्यात कमी आणि वाऱ्यात जास्त असते.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ते मी वर छापलं नाही: ‘लाइफ जॅकेट उकडत होतं म्हणून पायाशी ठेवलं.’ मुलींनो, नाव उलटली की पायाशी ठेवलेलं जॅकेट आधी निघून जातं. पाण्यात पडून ते अंगात चढवणं जवळजवळ अशक्य असतं. घाला, पट्टे आवळा आणि मैत्रिणीला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर तुमच्या मापाचं नाही. आणि उलटलातच तर नावेला धरून राहा, पोहत काठ गाठायला जाऊ नका. काठ किती लांब असतो ते वरच्या बाबांना विचारा.

आमच्या तळ्याचं पाणी इतकं नितळ आहे की तळाचे दगड मोजावेत. नातू आठ वर्षांचा आहे, गुडघाभर पाण्यात उतरू का म्हणून मागे लागतो. उतरू द्यावं का?
– एक आजोबा

आजोबा, तुम्हाला गुडघाभर दिसतंय ते गुडघाभर नाही. पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वाकतो, त्यामुळे अगदी वरून पाहिलं तरी खोली खऱ्याच्या तीन चतुर्थांशच दिसते. ४ फूट पाणी ३ फूट वाटतं. काठावर उभं राहून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. पाणी जितकं नितळ तितका माणूस जास्त फसतो, कारण गढूळ पाण्याची निदान भीती तरी वाटते.

म्हणून आधी काठी. नातवाच्या हाती लांब काठी द्या, काठावर बसून खोली मोजू द्या आणि प्रत्येक वेळी आधी अंदाज सांगायला लावा. माझ्या भाचीच्या मुलाला हा खेळ पोहण्यापेक्षा आवडला. काठी गाळात रुतली तर तिथे कुणीच उतरायचं नाही. जिथे पोहायला म्हणून जागा आखलेली आहे आणि तळ टणक आहे, तिथे तुम्ही स्वतः हाताच्या अंतरावर उभे असाल तर उतरू द्या. काठावरच्या बाकावर बसून नाही. बुडणारं माणूस हात हलवत नाही, ओरडतही नाही. श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर पुरत नाही, तर आवाज कुठून येणार? ते पाण्यात उभ्याउभ्या मान मागे टाकतं आणि मिनिटभराच्या आत खाली जातं. शेजारी बसलेल्यांना ते खेळतंय असं वाटतं. मोठ्या माणसांबाबतही हेच. कुणी अडचणीत दिसलं तर उडी टाकू नका. आडवं झोपून फांदी पुढे करा, दोर टाका, झाकण लावलेली रिकामी मोठी बाटली फेका.

पाण्यावर हिरवा तवंग असेल तर काठीचा दुसरा उपयोग. तवंग उचलून बघा. केसांसारखे लांब धागे काठीला लोंबले तर ते साधं शेवाळ असण्याची शक्यता जास्त. रंगाचा डबा सांडल्यासारखं काही काठीला फासून ओघळलं तर ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांतले काही विष तयार करतात, आणि नुसतं बघून विषारी कोणते ते कुणालाच सांगता येत नाही. त्या दिवशी पाण्याला हात लावायचा नाही.

कुत्र्याला मोकळं सोडलं तर काय बिघडतं? तो चावत नाही.
– कुत्र्याचा मालक

तो चावत नाही, मान्य. पण काठच्या लव्हाळ्यात आणि पाणकणसात जमिनीलगत घरटी असतात. कुत्रा नुसता हुंगत गेला तरी पक्षीण अंडी सोडून उठते, आणि ती गार व्हायला किंवा कावळ्याने उचलायला फार वेळ लागत नाही. दोरी लावा. वरच्या पत्रातला हिरवा तवंग कुत्र्यांना तर जास्तच महागात पडतो. पाण्यातून आल्यावर ती स्वतःचं अंग चाटतात.

वाटेवर चिखल असला की मी कडेच्या गवतावरून जाते. परवा एका गृहस्थांनी टोकलं. गवतावरून गेल्याने काय होतं?
– चिखलाला कंटाळलेली

होतं असं, की तुमच्यामागून आणखी पन्नास जण तिथूनच जातात. गवत मरतं, तिथेही चिखल होतो, मग लोक आणखी कडेने जातात. आमच्या तळ्यावर हातभर वाटेची बैलगाडी जाईल एवढी वाट झालेली मी चार वर्षांत पाहिली आहे. चिखलाच्या मधूनच जायचं, बूट धुता येतात. आणि ते गृहस्थ टोकताना जरा गोड बोलले असते तर बरं झालं असतं, हेही खरं.

वय ६८. रोज सकाळी तळ्याची एक फेरी, सहा वर्षं झाली. अलीकडे डावा गुडघा बोलतो. उजवा ठणठणीत. डॉक्टर म्हणतात चालणं थांबवू नका. फेरी तर तीच, मग एकच गुडघा का?
– रोजचा फिरणारा

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्रातच असावं असा मला संशय आहे. रोज कुठल्या दिशेने जाता? काठाची वाट क्वचितच सपाट असते. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून ती तळ्याकडे थोडी उतरती ठेवतात. डावीकडे पाणी ठेवून सहा वर्षं चाललात तर डावा पाय सहा वर्षं खालच्या अंगाला पडतो आहे. डॉक्टरांचं ऐकाच, ते तपासून सांगतात आणि मी अंदाजाने. पण उद्यापासून एक दिवसाआड उलट्या दिशेने फिरून बघा. काठी घ्यायची तर लांबी कमीजास्त करता येणारी घ्या आणि मूठ धरल्यावर कोपर काटकोनात राहील एवढी ठेवा. उतारावर ती थोडी लांब केलीत तर गुडघ्यावरचा भार आणखी कमी होतो.

उलट्या दिशेचा दुसरा फायदा मी फुकट सांगते. वाट नवी वाटते. पाच वर्षं ज्याच्या पाठीकडून जात होते त्या झाडाला ढोली आहे, हे मला उलटं फिरले त्या दिवशी कळलं.

मी नववीत आहे. पक्षी बघायला जाते, पण मला सगळी काळी बदकंच दिसतात. बाबांची दुर्बीण आहे, तिच्यावर ८×४२ लिहिलंय. ती चांगली आहे का? आणि बदकं वेगवेगळी कशी ओळखायची?
– काळ्या बदकांची मैत्रीण

दुर्बीण उत्तम आहे. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. यापेक्षा जास्त पटीची असती तर हाताचा कंपही तितक्या पटीने दिसला असता.

आता तुझी काळी बदकं. त्यातली बरीचशी बदकं नसणार, पैज लावते. कपाळावर पांढरा टिळा आणि टोकदार पांढरी चोच दिसली तर तो वारकरी. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याने नीट पाहिलं होतं. त्याला चांदवाही म्हणतात. बदकाची चोच चपटी असते, याची नाही, आणि पायाला बदकासारखा सलग पडदा नसून बोटाबोटाला वेगळ्या झालरी असतात. मूठभर आकाराचं, गुबगुबीत, दिसतंय न दिसतंय तोच बुडी मारून भलतीकडेच वर येणारं असेल तर टिबुकली. आणि खडकावर पंख पसरून उन्हात उभा असेल तो पाणकावळा. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात. त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर असं वाळत बसावं लागतं. सगळ्या सोयी एकाच पक्ष्याला मिळत नाहीत.

काळे दिसण्याचं खरं कारण मात्र तू उभी राहतेस ती जागा आहे. सकाळी जातेस ना? मग तळ्याच्या पूर्वेच्या काठावर उभी राहा. सूर्य पाठीमागे येईल आणि पक्ष्यांवर उजेड पडेल. पश्चिमेच्या काठावरून सूर्याकडे तोंड करून पाहिलंस तर मोरसुद्धा काळा दिसेल. वारा असेल त्या दिवशी पक्षी कुठे शोधायचे ते वर कयाकवाल्या ताईंच्या उत्तरात आहे. गुळगुळीत पाणी त्यांनाही आवडतं.

आणि चालू नकोस. एका जागी वीस मिनिटं बस. पहिली पाच मिनिटं काहीच दिसणार नाही, कारण सगळे तुझ्याकडे बघत असतात.

संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या माणसांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. दुपारी तेच लोक ओरडले तरी कळत नाही. भास असेल का?
– एकटाच बसणारा

भास नाही. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असली, की आवाज वर निसटत नाही. गार हवेत ध्वनी सावकाश जातो आणि उबदार हवेत वेगाने, त्यामुळे वर चाललेला आवाज वाकून परत खाली येतो. वारा पडलेला असला तर शांत पाणीही त्याला आणखी पुढे ढकलतं. दुपारी जमीन तापलेली असते, तेव्हा सगळं उलटं. आवाज वर वाकतो आणि तुमच्या डोक्यावरून निघून जातो.

मलाही हे असंच कळलं. मागच्या वर्षी एका संध्याकाळी नेहमीच्या बाकावर बसले होते. समोरच्या काठावर एक जोडपं येऊन बसलं, इथून साधारण ६०० मीटर. त्यातली ती स्वच्छ म्हणाली, “ती टोपीवाली बाई रोज तिथे बसून काय बघते रे?” तो म्हणाला, “कुणाची तरी वाट बघत असेल.” मी बसल्या जागेवरून, फारसा आवाज न चढवता म्हटलं, “टिबुकलीची.” ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो, म्हणजे माझं उत्तर तिथे पोचायला पावणेदोन सेकंद लागले असतील. तेवढा वेळ दोघं निवांत बसून होते. मग दोघांनी एकदम मागे वळून पाहिलं.

तिथे कुणीच नव्हतं.